गावात ‘वन हेल्थ’ सांगायला निघालात? या चुका टाळा

माणूस, जनावर आणि परिसर यांचे आरोग्य एकमेकांत गुंतलेले असते, हा ‘वन हेल्थ’ म्हणजे ‘एक आरोग्य’ हा विचार सांगण्यासाठी मी विद्यार्थ्यांना घेऊन नाशिक जिल्ह्यातील गावांत जाते आणि दरवर्षी नव्या तुकडीकडून त्याच चुका होताना पाहते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे गावातला गोठा पाहण्याआधीच भाषण ठरवणे. सिन्नर तालुक्यातील एका गावात विद्यार्थ्यांनी वटवाघळे, निपाह आणि इबोला यांवर देखणी चित्रफीत दाखवली. ती संपल्यावर एक आजी पुढे आल्या. ‘‘माझ्या दोन शेळ्यांनी गाभ टाकला. जार मीच हातानं उचलून उकिरड्यावर टाकला. तेव्हापासून ताप येतो नि जातो, सांधे धरतात. हे त्यातलंच का, बाळा?’’ बाळ गप्प. ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून माणसाला होणारा आजार असा जार (वार) उघड्या हातांनी हाताळल्याने किंवा निरसे दूध प्यायल्याने होऊ शकतो, हे त्याच्या वहीत लिहिलेले होते, पण समोरच्या आजींशी त्याचा संबंध त्याला जोडता आला नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही आजींना सरकारी दवाखान्यात नेले आणि शेळ्यांची हकिगत डॉक्टरांना आवर्जून सांगितली, कारण ती कळल्याशिवाय अशा तापात ब्रुसेलोसिसचा संशय सहसा कोणाला येत नाही.

तेव्हापासून मी आदल्या संध्याकाळी धारा काढण्याच्या वेळी गोठ्यात जाऊन बसते आणि तीनच गोष्टी विचारते: जार कोण उचलते, दूध उकळता का, मेलेले जनावर कुठे टाकता. हा वेळ वाया जातो असे म्हणणाऱ्या उतावळ्या विद्यार्थ्यांना मी सोबत नेत नाही.

दुसरी चूक रेबीजविषयी बोलताना होते. लसीचे सगळे सांगतात, पण कुत्रे चावताच जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवायची, हे एका वाक्यात उरकतात. मी बादली, तांब्या आणि साबण घेऊन, घड्याळ लावून ते करून दाखवते. १५ मिनिटे किती लांब असतात हे पाहिल्यावरच लोकांना कळते. त्यानंतर त्याच दिवशी लशीसाठी दवाखाना, आणि जखमेवर हळद, चुना किंवा तिखट अजिबात नाही. पथनाट्यात कुत्र्याला खलनायक करू नका. दुसऱ्या दिवशी मुले दगड मारतात आणि डिवचलेले कुत्रे चावते.

परिसराचा भाग झाडे लावण्याच्या घोषणेवर संपवू नका. हरसूलजवळ खोरीपाड्याला गिधाडांसाठी खाद्यस्थळ आहे. जनावरांना दिलेल्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधामुळे, त्यांची मढी खाऊन गिधाडे मेली आणि २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, एवढी एक साखळी नीट सांगितली तरी पुरते.

कासदाहावर (कासेच्या सुजेवर) प्रतिजैविकाचे इंजेक्शन दिले असेल, तर पशुवैद्यकाने सांगितलेले दिवस संपेपर्यंत ते दूध डेअरीला घालायचे नाही, हे सांगायला विसरू नका.

३ नोव्हेंबरचा जागतिक ‘वन हेल्थ’ दिवस गाठण्याची घाईही नको. त्या सुमारास छाटणी झालेल्या द्राक्षबागांत फवारणीचा जोर असतो आणि शेतकऱ्याला तुमच्यासाठी फुरसत नसते.