लाय डिटेक्टरचा प्रसंग लिहिताय? या चुका टाळा

दिवाळी अंकासाठी आलेल्या रहस्यकथा वाचायला बसलं की एक प्रसंग हमखास भेटतो. अंधारी खोली, डोक्याला वायरी, समोर इन्स्पेक्टर. "खून तूच केलास ना?" "नाही!" लाल दिवा पेटतो, बझर वाजतो, आरोपी ढसाढसा रडतो. माझ्या पहिल्या कथेत मीही हा बझर वाजवलाय, तेव्हा हसत नाही.

पॉलिग्राफला, म्हणजे याच लाय डिटेक्टरला, खोटं कळतच नाही. त्याला कळतो श्वास, रक्तदाब, नाडी आणि बोटांचा घाम. छाती-पोटाभोवती नळ्या, दंडाला पट्टा, बोटांना सेन्सर, एवढंच. डोक्याला वायरी लावतात ते ब्रेन मॅपिंग, इंजेक्शन देतात ती नार्को. तिन्हींची खिचडी करू नका.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अचानक टाकलेला प्रश्न. प्रत्यक्षात सगळे प्रश्न आधी वाचून दाखवतात, त्यावर बराच वेळ बोलणं होतं, मगच पट्टा आवळतात. उत्तर फक्त हो किंवा नाही. दोन प्रश्नांत वीस-पंचवीस सेकंदांची शांतता, आणि तीच यादी पुन्हा पुन्हा. मग थरार कुठून आणायचा? त्या शांततेतूनच. दंड जड झालाय, बोटांना मुंग्या आल्यात. "आज गुरुवार आहे का?" "हो." यानंतरचा प्रश्न त्या रात्रीचा, हे त्याला ठाऊक आहे. तो भिंतीवरची पाल बघतोय. पानभर लिहा ना!

आणखी एक पद्धत कथेला फार सोयीची. हत्यार कोणतं होतं? सुरी, दोरी, उशी, वरवंटा? 'वरवंटा' म्हटल्यावरच आलेख हलला, तर त्याला काहीतरी माहीत आहे. पण तुमच्याच तिसऱ्या प्रकरणात पेपरवाल्याने वरवंटा छापला असेल, तर चाचणी फुकट गेली. ती बातमी तरी काढा, नाहीतर चाचणी तरी.

कथा आपल्याकडची असेल तर २०१० चा सेल्वी खटल्याचा निकाल विसरू नका. सुप्रीम कोर्टाने संमतीशिवाय ही चाचणी करायला मनाई केली. संमती मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवायची, वकिलाचा सल्ला मिळायला हवा. त्यामुळे चौकीत हवालदाराने मशीन जोडणं बाद. तुमचा आरोपी मुंबईतला असेल तर कलिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाईल. आणि अहवाल फडकावून वकिलाने खटला जिंकणंही बाद, कारण संमती असली तरी नुसता निष्कर्ष पुरावा ठरत नाही. संमतीने दिलेल्या माहितीवरून विहिरीत वरवंटा सापडला, तर मात्र तो कोर्टात येऊ शकतो. म्हणजे कथेला विहीर हवी.

निकालही शंभर टक्के ठेवू नका. अमेरिकेतला गॅरी रिजवे १९८४ मध्ये पॉलिग्राफ पास झाला, सुटला. २००१ मध्ये डीएनएमुळे पकडला गेला आणि २००३ मध्ये त्याने ४८ खून कबूल केले. उलट घाबरट निर्दोष माणूस नापासही होतो. तुमच्या खुर्चीत यातला कोण बसलाय, ते पट्टा आवळण्याआधी ठरवा.