कासराभर दिवस म्हणजे किती वाजले?

जन्मवेळ विचारली की गावातली आजी सांगते, "कासराभर दिवस वर आल्ता बघ." ऐकणारा वहीत 'सकाळी 7' लिहून मोकळा होतो आणि तिथंच चुकतो. खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या बोलीतले हे शब्द सूर्याला बांधलेले आहेत, घड्याळाला नव्हे. म्हणून पहिला प्रश्न महिन्याचा. बेळगावात जूनच्या तिसऱ्या आठवड्यात सूर्य सहाच्या सुमारास उगवतो, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सातला पाचेक मिनिटं कमी असताना. तोच कासरा जवळपास तासभर सरकतो.

कासरा म्हणजे बैल हाकायची दोरी. तिची लांबी मोजत बसू नका. सूर्य कुठं होता ते आजीलाच हात करून दाखवायला सांगा. मग त्या दिशेला आपला हात ताठ धरून मूठ उभी ठेवा, अंगठा आत. चार बोटांची उंची सुमारे 10 अंश भरते आणि इकडे सूर्य तेवढा चढायला साधारण 40 मिनिटं घेतो. क्षितिजापासून दीड मूठ म्हणजे उगवल्यावर तासाभराने. मोजणी सपाट जमिनीच्या रेषेपासून करा. डोंगरावरून सुरू केलीत तर वेळ कमी भरेल. दिवस बराच वर आला की ही युक्ती निकामी, आणि उन्हात थेट सूर्याकडे बघत हे करू नये. 'कासराभर दिवस राहिला' हे मात्र संध्याकाळचं. क्रियापद नीट ऐका.

भर दुपार बाराला धरू नका. बेळगाव भारतीय प्रमाणवेळेच्या रेखांशाच्या 8 अंश पश्चिमेला आहे, त्यामुळे सूर्य माथ्याशी सरासरी 12.32 ला येतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12.16, फेब्रुवारीच्या मध्याला 12.46. खात्री हवी तर काठी उभी रोवून सावली सर्वांत आखूड कधी होते ते पाहा.

तांबडं फुटणं उगवतीच्या आधीचं, दिवेलागण मावळल्यानंतरच्या अर्ध्या तासातली. पावसाळ्यात खानापूरकडे सूर्यच दिसत नाही, तेव्हा परसातला दोडका बघावा: त्याची पिवळी फुलं संध्याकाळकडे उमलतात.

आपल्याकडे 'दिवस मावळला' म्हणताना दिवस म्हणजे सूर्य. शेजारच्या कन्नडात 'होत्तु'ही वेळ आणि सूर्य दोन्ही. आणि पार झिंबाब्वेतल्या शोना भाषेत 'झुवा' म्हणजे सूर्यही, दिवसही! त्यांचा संधिप्रकाशाचा शब्द तर फारच नेमका: 'रुब्वुंझावाएनी', समोरून येणाऱ्या परक्याला 'कोण?' असं विचारावं लागतं ती वेळ. आपल्या कातरवेळेत हुरहुर आहे, त्यांच्या शब्दात अंधुक झालेला चेहरा.

सर्वांत जास्त घोळ होतो तो पहाटेचा. जुन्या हिशोबात वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नाही. 'सोमवारी फाटंचं' म्हणजे कॅलेंडरावर बरेचदा मंगळवार उजाडायच्या आधीची वेळ. तेव्हा वाराबरोबर एवढंही विचारा, "त्यानंतर उजाडला तो वार कुठला?" आणि वहीत 'सोमवार-मंगळवारमधली रात्र, तांबडं फुटायच्या आधी' असंच लिहा, आकडा कंसात, पेन्सिलीनं.