डोंगरातल्या जुन्या गावात वीकेंडला जाताय? मुक्काम गावातच करा

डोंगरातलं जुनं गाव बघायचं तर रात्री गावातच रहा, खाली हायवेवरच्या हॉटेलात नको, कारण दुपारी अकरा ते चार नुसती गर्दी असते आणि खरं गाव दिसतं ते सकाळी सातला, गल्ल्या रिकाम्या, दगडी पायऱ्या दवाने ओल्या. त्या पायऱ्या शेकडो वर्षं पाय पडून पडून मधोमध खोलगट आणि गुळगुळीत झालेल्या असतात, ओल्या असल्या की सरळ घसरतात, म्हणून ग्रिपवाले बूटच घाला (मी एकदा चप्पल घालून गेलो होतो, असो). चाकांची बॅग तर नकोच, पाठीवरची सॅक बरी, कारण गल्ल्या अरुंद असल्याने गाडी बऱ्याचदा गावाबाहेरच लावावी लागते.

एक स्वेटर ठेवाच. दर 1000 मीटर चढलं की तापमान साधारण 6.5 अंशांनी उतरतं, त्यात सूर्य कड्यामागे गेला की घड्याळात दुपार असली तरी गावात सावली पडते, फोटो त्याआधीच काढून घ्या.

मॅप ऑफलाइन डाउनलोड करा, थोडी कॅश ठेवा. परतताना उतारावर गाडी लो गिअरमध्येच ठेवा, सारखा ब्रेक दाबलात तर तो तापतो.