क्योतो स्टेशनवर या चुका टाळा

क्योतो स्टेशनचं छप्पर एक, पण त्याखाली संसार तीन. एक जेआर म्हणजे जपान रेल्वे, दुसरी किन्तेत्सु ही खासगी रेल्वे आणि तिसरी शहराची कारासुमा मेट्रो. तिघांची गेटं वेगळी, तिकिटं वेगळी आणि फलाटांचे आकडेसुद्धा आपापले. 'फलाट 2' जेआरमध्ये आहे, किन्तेत्सुमध्ये आहे आणि खाली मेट्रोतही आहे. इथे होणाऱ्या बहुतेक चुकांचं मूळ यात आहे. म्हणून कुठेही जायचं असलं तरी आधी विचारा, गाडी कोणाची? फलाटाचा नंबर त्यानंतर.

जेआर पास, म्हणजे पर्यटकांसाठीचा जेआरचा प्रवास पास, घेऊन आलेल्यांची फसगत इथूनच सुरू होते. तो पास किन्तेत्सुला चालत नाही, मेट्रोलाही नाही. शिन्कान्सेन म्हणजे बुलेट ट्रेन; तिच्यातही 'हिकारी' आणि 'कोदामा' पासवर मिळतात; 'नोझोमी'साठी वेगळे पैसे भरून जादा तिकीट काढावं लागतं. इकोकासारखं टॅप करायचं कार्ड मात्र तिन्हीकडे चालतं, त्यामुळे शहरात फिरायला ते खिशात असू द्या.

आता फुशिमी इनारी. हजारो केशरी कमानींचं हे देवस्थान जेआरच्या नारा लाइनवर क्योतोपासून दुसरं स्टेशन. जेमतेम पाच मिनिटांचा रस्ता, आणि तरी सगळ्यात जास्त लोक इथेच चुकतात. मी आईला घेऊन गेले तेव्हा फलाटावर नाराची गाडी उभीच होती. रिकामी जागा दिसली, बसलो. तोफुकुजीला गाडी थांबली, पुढचं स्टेशन आपलं म्हणून आईने पिशवी खांद्याला लावली. आणि केशरी रंगाचे खांब असलेला एक फलाट खिडकीबाहेरून सर्रकन मागे गेला. "अगं, हेच होतं ना?" आईने विचारलं. हेच होतं. आम्ही 'मियाकोजी रॅपिड'मध्ये बसलो होतो आणि ती इनारीला थांबत नाही. पुढचा थांबा थेट रोकुजिझो.

आपण मुंबईत फास्ट आणि स्लो बघूनच गाडीत चढतो, तीच सवय इथेही हवी. पाटीवर जपानीनंतर इंग्रजी अक्षरं येतात, त्यासाठी दोन सेकंद थांबा. ज्या नावात 'रॅपिड' आहे ती गाडी इनारीसाठी सोडून द्या, 'लोकल' असेल तीच पकडा. चुकून पुढे गेलातच तर घाबरू नका आणि गेटबाहेरही पडू नका. उलट दिशेची लोकल पकडून परत या. आमचा अर्धा तास गेला, पण आईला वाटेत उजी नदीकडची वस्ती बघायला मिळाली आणि ती त्यावर खूश होती.

नारा शहराला जाताना दुसरा घोळ होतो. जेआरची गाडीही जाते, किन्तेत्सुचीही, पण दोघांची नारातली स्टेशनं वेगळी. हरणांचं उद्यान आणि तोदाइजी मंदिर पायी गाठायचं तर किन्तेत्सु-नारा जवळ पडतं. तिथेही किन्तेत्सुची प्रत्येक गाडी नाराला जात नाही; काही काशिहाराकडे वळतात, त्यात बसलात तर यामातो-साइदाइजीला उतरून बदला. लिमिटेड एक्सप्रेसला जादा तिकीट लागतं, साध्या एक्सप्रेसला लागत नाही.

याहून बारीक गोम म्हणजे, 2000 पासून कारासुमा मेट्रोच्या काही गाड्या ताकेदापुढे किन्तेत्सुच्या रुळांवरून थेट नारापर्यंत जातात. या गाड्या क्योतोला मेट्रोच्या भुयारी फलाटावर थांबतात, वरच्या किन्तेत्सुच्या फलाटावर येतच नाहीत. कोणी 'किन्तेत्सुची नारा गाडी' म्हटलं तर वरची की खालची ते विचारून घ्या. मुक्काम याच मेट्रोच्या शिजो स्टेशनजवळ असेल तर तिथूनच अशी गाडी पकडता येते, क्योतो स्टेशनला जिने चढायची गरजच नाही.

जेआरच्या फलाटांचे आकडेही सरळ नाहीत. 0 नंतर एकदम 2, मग 10 पर्यंत. शिन्कान्सेन 11 ते 14, आणि 30 ते 34 वेगळेच, पश्चिमेच्या टोकाला. सागा-अराशियामाची गाडी तिथूनच सुटते आणि कान्साइ विमानतळाची 'हारुका' 30 वरून. 0 आणि 30 मिळून एकच सलग फलाट आहे, 558 मीटर लांब! शिन्कान्सेनमधून उतरून हारुका पकडायची असेल तर बॅगांसह चालायला दहा-पंधरा मिनिटं हाताशी ठेवा. शिन्कान्सेन आणि बाकी जेआर यांच्या मधल्या गेटवर जवळची सगळी कागदी तिकिटं एकावर एक ठेवून एकदम घालायची असतात; पलीकडे जी बाहेर येतील ती न विसरता उचला.

स्टेशनच्या दोन बाजू आहेत. उत्तरेला कारासुमा, म्हणजे बस, मेट्रो, क्योतो टॉवर. दक्षिणेला हाचिजो, म्हणजे शिन्कान्सेन आणि किन्तेत्सु. कोणाला भेटायचं ठरवताना नुसतं 'स्टेशनवर भेटू' म्हणू नका, बाजू सांगा. एका बाजूने दुसरीकडे जायला जेआरच्या गेटात शिरू नका. दुसऱ्या मजल्यावर पश्चिमेकडून मोकळा रस्ता जातो, तिकीट लागत नाही.

कियोमिझु मंदिरासाठी सगळे बसच्या रांगेत उभे राहतात. मला विचाराल तर ही रांग टाळा. जेआरने तोफुकुजी, तिथेच केइहान रेल्वे पकडून कियोमिझु-गोजो, मग वीसेक मिनिटांचा चढ. दिवसभर शहरातच फिरणार असाल तर मेट्रो आणि बसचा एक दिवसाचा पास 1100 येनला मिळतो. नुसत्या बसचा जुना पास आता बंद झाला आहे, जुन्या माहितीवर विसंबून तो मागू नका. आणि हान्क्यु ही आणखी एक खासगी रेल्वे क्योतो स्टेशनला येत नाही. तिच्या कावारामाची स्टेशनला जायचं तर मेट्रोने शिजोला उतरून हान्क्यु पकडा.

मोठी बॅग असेल तर निघण्याआधी टेपने मोजून घ्या. लांबी, रुंदी, उंची मिळून 160 सेंटीमीटरच्या वर गेली तर शिन्कान्सेनमध्ये त्यासाठी जागा आधीच राखून ठेवावी लागते. नाहीतर गाडीत 1000 येन भरावे लागतात. लॉकर गर्दीच्या मोसमात सकाळीच भरतात, तेव्हा हॉटेलमध्येच बॅग ठेवून निघालेलं बरं.

एवढं करूनही गेट लाल दिवा दाखवून अडवेल. तिथे पुन्हा पुन्हा कार्ड टेकवू नका, मागे रांग खोळंबते. गेटच्या कडेला माणूस बसलेली खिडकी असते, तिथे तिकीट किंवा कार्ड पुढे करा आणि कुठून आलात त्या स्टेशनचं नाव सांगा.