पुनरावृत्ती न होता यादृच्छिक संख्या कशा मिळवाव्यात

१ ते १०० मधील संख्या यादृच्छिक क्रमाने हव्या आहेत आणि एकही संख्या दोनदा येता कामा नये, अशी गरज पडली की सहसा पहिला मार्ग सुचतो तो असा: रँडम फंक्शनकडून संख्या घ्यायची, ती आधी येऊन गेली आहे का ते पाहायचे आणि आली असेल तर पुन्हा घ्यायची. शंभरातून पाचच संख्या हव्या असतील, तर या पद्धतीत काहीही वावगे नाही. शंभरच्या शंभर हव्या असतील, तर मात्र काम पुढे सरकेल तसे ते मंदावत जाते. नव्याण्णव संख्या मिळाल्यावर उरलेली शेवटची एक हाती लागण्यासाठीच सरासरी १०० वेळा फंक्शन बोलवावे लागते आणि सर्व संख्या पुऱ्या होईपर्यंत ही सरासरी सुमारे ५१९ वर जाते. त्यातही मागणी चुकून १०१ संख्यांची झाली, तर लूप कधीच संपत नाही. म्हणून ही पद्धत वापरायचीच असेल, तर मागणी उपलब्ध संख्यांपेक्षा जास्त नाही ना हे आधी तपासावे आणि येऊन गेलेल्या संख्या यादीत न ठेवता सेटमध्ये, म्हणजे एखादी संख्या आत आहे का ते झटकन सांगणाऱ्या संचात, ठेवाव्यात.

सगळ्या किंवा बऱ्याचशा संख्या हव्या असतील, तेव्हा विचारच उलटा करावा. सर्व संख्या एकेकदा अ‍ॅरेमध्ये (क्रमांक दिलेल्या जागांच्या यादीत) भरून त्यांचा क्रम मिसळला, की पुनरावृत्तीचा प्रश्नच उरत नाही. यासाठीची पद्धत फिशर आणि येट्स यांनी १९३८ साली कागद-पेन्सिलीने करण्यासाठी मांडली होती. संगणकाला सोयीचे तिचे रूप डर्स्टेनफेल्ड यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केले. ते असे चालते. समजा, अ‍ॅरेमध्ये १, २, ३, ४, ५ आहेत. शेवटच्या, म्हणजे पाचव्या जागेपासून सुरुवात करून १ ते ५ मधील एक यादृच्छिक जागा निवडावी. ती २ निघाली, तर दुसऱ्या आणि पाचव्या जागेवरील संख्यांची अदलाबदल होऊन १, ५, ३, ४, २ असा क्रम होतो आणि पाचवी जागा कायमची ठरते. आता चौथ्या जागेसाठी १ ते ४ मधून निवड करावी; ती ४ च निघाली, तर काहीही हलत नाही. तिसऱ्या जागेसाठी १ निघाली, तर क्रम ३, ५, १, ४, २ होतो, आणि दुसऱ्या जागेसाठीही १ निघाली, तर अखेर ५, ३, १, ४, २ हाती येते. शंभर संख्यांसाठी फक्त ९९ निवडी पुरतात.

या चार-पाच ओळींच्या कोडमध्ये दोन चुका वारंवार होतात आणि दोन्ही चुकांनंतरही उत्तर वरवर पाहता बरोबरच दिसते, म्हणून त्या नीट समजून घ्याव्यात. पहिली चूक म्हणजे चालू जागा निवडीतून वगळणे. पाचव्या जागेसाठी १ ते ४ मधूनच, चौथ्या जागेसाठी १ ते ३ मधूनच अशी निवड करत गेले, तर कोणतीही संख्या आपल्या मूळ जागी राहू शकत नाही आणि पाच संख्यांच्या १२० क्रमांपैकी केवळ २४ क्रम शक्य उरतात. दुसरी चूक म्हणजे प्रत्येक फेरीत संपूर्ण अ‍ॅरेमधून जागा निवडणे. तीन संख्या असतील, तर अशा निवडींच्या २७ समान शक्यता तयार होतात, क्रम मात्र सहाच असतात. २७ ला ६ ने नि:शेष भाग जात नाही, त्यामुळे काही क्रम इतरांपेक्षा अधिक वेळा येणारच. संख्या क्रमाने लावणाऱ्या सॉर्ट फंक्शनला यादृच्छिक तुलना देऊन क्रम मिसळण्याची जावास्क्रिप्टमधील प्रचलित युक्तीही याच कारणासाठी टाळावी, कारण तिथेही सर्व क्रमांना समान संधी मिळेल याची हमी नसते.

एक कोटी संख्यांमधून पाचच हव्या असतील, तर एवढा अ‍ॅरे भरणे म्हणजे मेमरीची उधळपट्टी होय. तिथे सेट वापरणारी पहिली पद्धत किंवा संगणकशास्त्रज्ञ रॉबर्ट फ्लॉइड यांची पद्धत उत्तम चालते. फ्लॉइड यांच्या पद्धतीत पाच संख्यांसाठी नेमक्या पाच निवडी होतात. मात्र मिळालेल्या संख्यांचा क्रम पुरेसा यादृच्छिक नसतो, म्हणून क्रमालाही महत्त्व असेल तर त्या पुन्हा मिसळाव्यात.

प्रत्यक्ष कामात हे सर्व स्वतः लिहिण्यापेक्षा भाषेतील तयार सोय वापरणे मला केव्हाही श्रेयस्कर वाटते. पायथॉनमध्ये रँडम मॉड्यूलमधील सॅम्पल फंक्शनला रेंज आणि हवी तितकी संख्या दिली की काम होते, आणि रेंज एक कोटीची असली तरी ती मेमरीत उलगडली जात नाही. त्याच मॉड्यूलमधील शफल मात्र मूळ यादीच बदलते आणि काहीही परत देत नाही. त्याचे उत्तर दुसऱ्या चलात साठवणाऱ्याच्या हाती None, म्हणजे पायथॉनमधील ‘काहीही नाही’ हे मूल्य, येते. जावामध्ये कलेक्शन्स वर्गातील शफल आहे. सीप्लसप्लसमध्येही शफल वापरावे, कारण जुने रँडम शफल २०१७ च्या मानकातून काढून टाकले आहे.

सोडतीसारख्या, कुणाला अंदाज येता कामा नये अशा कामासाठी पायथॉनमध्ये सीक्रेट्स मॉड्यूलमधील सिस्टिमरँडम आणि जावामध्ये सिक्युअररँडम वापरावे. साधे रँडम फंक्शन सीड नावाच्या एका सुरुवातीच्या संख्येपासून पुढच्या सर्व संख्या काढते. ३२ बिटच्या सीडपासून सुमारे ४२९ कोटी वेगवेगळे क्रमच निघू शकतात, तर अवघ्या १३ वस्तूंचे क्रम ६०० कोटींहून अधिक होतात, म्हणजे त्यांतले बरेच क्रम कधी येऊच शकत नाहीत.

स्वतः लिहिलेले कोड तपासायचे असेल, तर तीन संख्या ६०,००० वेळा मिसळून प्रत्येक क्रम किती वेळा आला ते मोजावे. प्रत्येक क्रम १०,००० च्या आसपास यायला हवा आणि शे-दोनशेचा फरक स्वाभाविक आहे. पण तीन क्रम ११,१०० च्या आणि उरलेले तीन ८,९०० च्या जवळपास आले, तर वर सांगितलेली दुसरी चूक कोडमध्ये आहे, असे समजून निवडीची मर्यादा तपासावी.