लेसरनं नंबर काढल्यावर डोळ्यात ड्रॉप कसे घालायचे

चष्मा गेला, स्वच्छ दिसायला लागलं की चौथ्या दिवशी ड्रॉपची बाटली फ्रीजवर पडून राहते, हे आपल्या सांगली-मिरजेत घरोघरी चालतं. पण कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा पारदर्शक पडदा ज्यावर लेसर मारतात, तो आतनं भरून यायला वेळ लागतो आणि ते भरणं वेडंवाकडं झालं तर थोडा नंबर परत येऊ शकतो, पीआरके (वरची पातळ साल काढून करतात ते लेसर) केलं असेल तर कॉर्नियावर धूसर डागही येतो.

आधी चिठ्ठी नीट वाचा. साधारण तीन बाटल्या असतात, अँटिबायोटिक, स्टिरॉइड आणि डोळे ओले ठेवणारा ड्रॉप. लासिकला (कॉर्नियाचा पातळ पापुद्रा, म्हणजे फ्लॅप, उचलून खाली लेसर मारतात ते) स्टिरॉइड बहुतेक आठवडा-दोन आठवड्यांत संपतं, पीआरकेला मात्र दोन-तीन महिनेही चालतं आणि चार वेळा, तीन वेळा, दोन वेळा असं उतरवत आणतात, मधेच बंद करायचं नाही.

आता घालायचं कसं. हात साबणानं धुवा, मार्केट यार्डात हळदीचं काम असेल तर दोनदा धुवा. स्टिरॉइडची बाटली दुधासारखी पांढरी असेल तर आधी हलवा, औषध तळाशी बसतं. मान मागं टाका, खालची पापणी बोटानं हळू ओढा, तिथं खिसा होतो बघा, त्यात एकच थेंब सोडा. दुसरा घातला तर गालावरनंच जातो, कारण डोळ्यात एका थेंबाएवढीच जागा असते. बाटलीचं टोक पापणीला लागू देऊ नका. मग डोळा अलगद मिटून नाकाकडचा कोपरा मिनिट-दोन मिनिटं दाबा, डोळा नाही हं, फक्त कोपरा, आणि चोळायचं तर अजिबात नाही, लासिकचा फ्लॅप सरकतो. दुसरा ड्रॉप ५ मिनिटांनी, मलम शेवटी.

स्टिरॉइडनं बरं वाटतंय म्हणून मेडिकलमधनं स्वतःच नवी बाटली आणणारे लोक बघितले की मला खरंच राग येतो. काहींच्या डोळ्याचं प्रेशर त्यानं वाढतं, दुखत नाही काही नाही, डोळ्याची नस मात्र खराब होत जाते. म्हणून तपासणीला जायचंच.

नंबर परत यायला लागला तर काही डॉक्टर टिमोलॉलसारखा प्रेशर कमी करणारा ड्रॉप देतात, लेसरनं पातळ झालेल्या कॉर्नियावरचा आतला दाब कमी व्हावा म्हणून. फायदा प्रत्येकाला होईलच असं नाही. दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर आधीच सांगा, हा ड्रॉप अशांना चालत नाही.

ऊसतोडीच्या दिवसात पाचट पेटवतात, गाडीवरनं जाताना गॉगल लावा आणि कृष्णेत पोहणं महिनाभर तरी विसरा. डोळा दुखला, लाल झाला, पू आला किंवा एकदम अंधुक दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दाखवा. आणि फोडलेली बाटली बहुतेक २८ दिवसांनी टाकायची असते, लेबल बघा, झाकणावर तारीख पेनानं लिहून ठेवली की झालं.