बीज टाकलं आणि मरळी पोसल्या

मामा तलावात, म्हणजे माजी मालगुजारी तलावात, मासे पाळायला नव्याने उतरणारा प्रत्येक जण आधी जाळ्याचं विचारतो. आसू, म्हणजे जाळ्याचं भोक, किती बोटांची, डोंगा नवा घ्यावा की जुना. जाळं उसनंही मिळतं हो. बीज, म्हणजे तलावात सोडायची माशांची पिल्लं, कोणत्या मापाचं टाकणार, ते आधी सांगा. मी तिथेच बुडालो.

आमचं घर मासेमार ढिवरांचं, गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधच्या पट्ट्यातलं. तरी मी सहा वर्षं शहरात कंपनीत काढली आणि वडिलांच्या जागी मच्छीमार संस्थेत सभासद झालो, तेव्हा मला मोबाइलवरच्या व्हिडिओंइतकंच येत होतं. त्या व्हिडिओंत सगळं शेततळ्याचं असतं: चौकोनी खड्डा, खाली प्लास्टिक, रोज खाद्य. आपला तलाव म्हणजे कोहळी समाजाच्या मालगुजारांनी भातासाठी बांधलेलं पाणी. त्यात कोण राहतं हे आपण ठरवत नाही.

पहिल्या पावसाळ्यात मी दहा हजार नग मत्स्यबीज आणलं. कटला, रोहू, मृगळ, तिन्ही. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी, एवढं पाठ होतं. पिशव्या सोडल्या, फोटो काढले. उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर जाळं ओढलं, तर हाताला मरळी आणि वाघूर, तलावातले आधीचेच मासे. रोहू मोजायला दोन्ही हातांची बोटंसुद्धा पुरी लागली नाहीत. पाळीवर बसलेले आमचे एक आजोबा म्हणाले, "तू बीज नाही टाकलं गा बाबू, मरळीले चारा टाकला."

हे नीट समजून घ्या, मी दोनदा सांगेन. अंड्यातून निघालेलं ते जिरे, तांदळाच्या दाण्याएवढं. दोन-तीन आठवड्यांनी ते 20 ते 25 मिलिमीटरचं होतं, ते मत्स्यबीज. 50 पर्यंत अर्धबोटुकली, त्यापुढे बोटुकली. विकणारा सगळ्यालाच "बीज" म्हणतो आणि आपण नगाचा भाव बघून खूश होतो. पण बारमाही पाणी असलेल्या तलावात मरळ आधीपासून असते, ती तिथेच वीण घालते, पिल्लं राखते. 25 मिलिमीटरचा मासा तिच्यासाठी घास आहे. 80-100 मिलिमीटरची बोटुकली निदान पळते, आणि बऱ्याच मरळींच्या तोंडात मावत नाही. म्हणजे दहा हजार मत्स्यबीजापेक्षा दोन हजार बोटुकली बरी. पुन्हा सांगतो: नग मोजू नका, लांबी मोजा. पट्टी घेऊन जा, लाजू नका.

मोजणीही डोळ्यांसमोर करा. एक वाटी मोजायची आणि बाकी वाट्यांनी गुणायचं, अशी पद्धत असते. ती मोजायची वाटी तुम्ही निवडा, विकणाऱ्याला निवडू देऊ नका.

"तलावातच रोहू वाढून पिल्लं देईल," असंही मला कुणीतरी सांगितलं होतं. देत नाही. या माशांना वीण घालायला पुराचं वाहतं पाणी लागतं. म्हणून तर 1957 मध्ये 10 जुलैला ओडिशात मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधुरींनी पीयूषग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन रोहूसारख्या कार्प माशांची वीण घेतली, त्याचं एवढं मोल. आपल्याला बीज विकत घ्यावंच लागतं ते याच कारणाने.

बोटुकली महाग पडते, खरं आहे. घाबरू नका, वाट आहे. शेतातली बोडी, म्हणजे छोटं तळं, बघा. उन्हाळ्यात कोरडी पडते म्हणून तिच्यात मरळ टिकत नाही. मत्स्यबीज दोन-तीन महिने तिथे वाढवा, मग तलावात सोडा. जिरे आणलं तर मात्र आधी पाणकिड्यांचा बंदोबस्त हवा. साबण-तेलाचं मिश्रण पाण्यावर पसरलं की वर येऊन श्वास घेणारे किडे मरतात. दुसऱ्या वर्षी मी हेच केलं, आणि घरच्यांनी पहिल्यांदा नोकरीचा विषय काढला नाही.

पिशवी थेट ओतू नका. पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगू द्या, मग तोंड उघडून तलावाचं पाणी थोडं थोडं आत घ्या. बीज आपणहून बाहेर पोहत येईल. हे काम सकाळी किंवा संध्याकाळी, भर उन्हात कधीच नाही. सांडवा वाहत असेल तर थांबा, नाहीतर तुमचं बीज खालच्या गावाच्या नाल्यात.

तुडुमाचं, म्हणजे तलावाचं पाणी सोडायच्या दाराचंही, शेतकऱ्यांशी बोलून ठेवा. धान सुकायला लागलं की शेतकरी तुडुम उघडतो, आणि तो चुकत नाही, तलाव मुळात त्याच्यासाठीच आहे. पण किती पाणी शिल्लक राहणार हे आधी कळलं तर मोठे मासे वेळेवर काढता येतात. माझं पहिलं भांडण इथेच झालं, आणि चूक माझी होती. बोललोच नव्हतो.

झटपट वाटा सांगणारे भेटतील. कुणी मांगूर टाका म्हणेल: तो विदेशी मांगूर, बंदी असलेला, तलावातलं बाकी सगळं खाणारा. कुणी पाण्यात औषध टाकून एका रात्रीत मासे काढून दाखवील. अशा माणसासोबत चहाही पिऊ नका. शिकायचं तर जो स्वतः छातीभर पाण्यात उभा राहतो त्याच्याकडून. तो फार बोलणार नाही, चिडेलही. जाळ्याचं दुसरं टोक धरा आणि त्याचे पाय कुठे पडतात ते बघा.

माझं यंदाचं बीज अजून बोडीत आहे. काल पट्टी लावली, साठ भरलं. पोळ्यापर्यंत सोडायची घाई मलाही होतेच, पण आजोबा पाळीवर बसून बघतायत.